दाजींना विमान बांधू द्या, पण फुलवात हाताशी ठेवा

पत्र: काका, आमची तासगाव तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग आहे. मालक ४८ वर्षांचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. लग्नाआधी नऊ वर्षं कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला होते. गेले दोन हंगाम पावसानं आणि डाऊनी रोगानं खाल्ले, तेव्हापासून ते गप्प गप्प असायचे. दिवाळीनंतर एकदम बोलायला लागले, ते विमानाबद्दल. परदेशातून सुट्या भागांचं किट मागवायचं आणि परसातल्या बेदाण्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान जोडायचं, असं डोक्यात घेतलंय. दोन कंपन्यांची माहितीपत्रकं छापून आणली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली, म्हणजे मी फेकणार नाही. लेकीच्या नावची अकरा लाखांची ठेव मोडू म्हणतात. लेक नववीत आहे. पहिल्या फेरीला तूच, असं तिला सांगून ठेवलंय. मामंजी म्हणतात, येडं झालंय. गावात आत्ताच ‘पायलट’ नाव पडलंय. बीपीची गोळी चालू आहे. मी अडवू का? अडवलं तर परत गप्प होतील याची भीती वाटते, नाही अडवलं तर जिवाची.
– एक वाचक, तासगाव तालुका

ताई,

पत्र दोनदा वाचलं. हसलो एकाच ठिकाणी, देव्हाऱ्याच्या कप्प्याशी. बायको काय फेकेल आणि काय फेकणार नाही हे ज्याला इतकं नेमकं कळतं तो माणूस येडा नसतो. मामंजींना हे माझ्या नावानं सांगा.

या सदरात बहुतेक पत्रं बोअरच्या मोटरीची, बांधाच्या भांडणाची आणि जावयांची येतात. विमानाचं हे पहिलंच. योगायोग असा की मी ३१ वर्षं विमानांच्या देखभालीतच काढली, हँगरमध्ये, डोक्यावर पंख आणि हातात टॉर्च. आता सांगलीच्या विश्रामबागेत बसून शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करतो. त्यामुळं या एका विषयावर मला गप्प बसवणं अवघड आहे, तेवढं सोसा. आणि तुम्ही काका म्हणालात तरी मी तुम्हाला ताईच म्हणणार, म्हणजे तुमचे मालक माझे दाजी झाले. दाजींना चार शब्द सुनवायचा हक्क त्यानं आपोआप मिळतो.

दाजींच्या डोक्यात आलंय ते जगावेगळं नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये मिलवॉकी इथं पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. सुरुवातीला तिचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चालायचा. आता दर जुलैला ऑशकॉश नावाच्या गावात त्यांची जत्रा भरते आणि हजारो विमानं तिथं उतरतात, त्यातली कितीतरी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जन्मलेली. मामंजींना परदेशातलं उदाहरण पटत नसेल तर सांगा, की सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तेव्हा त्यांनाही लोक काय म्हणाले असतील ते बघा. (वालचंदांकडं ठेव मोडायची वेळ आली नसावी, हे मात्र मामंजींना सांगू नका.)

किट म्हणजे काय ते आधी तुम्हाला नीट कळू दे, म्हणजे अर्धी भीती जाईल आणि अर्धी योग्य जागी जाऊन बसेल. कारखान्यात कापून, वाकवून, भोकं पाडून आणि नंबर टाकून आलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, फासळ्या, नळ्या, पत्रे एकमेकांना जोडणारे हजारो रिव्हेट आणि बांधणीची जाडजूड पुस्तकं. हे यंत्र उडेल का, हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांनी सोडवलेला असतो आणि त्याच आराखड्याची कितीतरी विमानं आधीच उडत असतात. बांधणाऱ्यानं पुस्तकात सांगितलंय तसं आणि तेवढंच करायचं. यातलं ‘तेवढंच’ फार अवघड आहे. आपल्या भागातल्या हुशार माणसाला तर सगळ्यात अवघड.

का, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, तिचं देशभर कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. ट्रॅक्टरचा पार्ट मिळाला नाही तर आपण दुसऱ्याचा घासून बसवतो, फवारणीचा ब्लोअर तारेनं बांधून हंगाम काढतो. या अकलेवर आपली शेती उभी आहे. दाजी टूलरूमचे म्हणजे त्यांच्याकडं ही अक्कल चार माणसांची असणार. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. एका तरुण वेल्डरनं घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवलं, रात्री चाचणी घ्यायला इंजिन चालू केलं, पातं तुटलं आणि पोरगं त्यात गेलं. अजून जमीनही सोडली नव्हती. त्याच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. त्याच्या पाठीमागं पुस्तक नव्हतं, तपासणारा नव्हता, ‘थांब’ म्हणणारं कुणी नव्हतं.

पुस्तक असूनही काय होतं त्याची एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळे सांगतात. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेतले मोठे गायक. त्यांनी लाँग-ईझी जातीचं, दुसऱ्या कुणीतरी घरी बांधलेलं विमान विकत घेतलं. आराखड्यात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर पेट्रोल वळवायचा कॉक वैमानिकाच्या समोर, दोन पायांच्या मधे होता. बांधणाऱ्याला पेट्रोलची नळी माणसाजवळून न्यायची नव्हती, म्हणून त्यानं तो कॉक डाव्या खांद्याच्या मागं भिंतीला बसवला. विचार वाईट नव्हता. पण आता कॉक फिरवायचा तर हातातला दांडा सोडून, अंग वळवून मागं हात घालायला लागायचा, आणि अंग वळवताना उजवा पाय पॅडलवर रेटला जाऊन विमान उजवीकडं वळायचं. १२ ऑक्टोबर १९९७ ला माँटेरेच्या उपसागरावर विमान कमी उंचीवर असताना तेच झालं असावं, असं चौकशीत निघालं. डेन्व्हर गेले. विमानात मोडलेलं असं काही नव्हतं. कुणीतरी एका हौसेच्या संध्याकाळी ‘इथं बसवलं तर बरं’ असं म्हटलं होतं, एवढंच.

तर ताई, तुम्ही विचारता अडवू का. मी म्हणतो, हे दोन प्रश्न आहेत, एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेत. विमान बांधणं एक आणि विमानात बसून उडणं दुसरं. बांधायला होकार द्या. उडायचा प्रश्न आज घरात आणूच नका, त्याला तीन-चार वर्षं अवकाश आहे आणि तोवर त्याची उत्तरं दुसरीकडून येतील. कशी, ते पुढं सांगतो.

ठेवीचं आधी उरकतो. ठेव मोडायची नाही. यावर घरात चर्चासुद्धा नको. या जातीच्या बहुतेक विमानांत रोटॅक्स ९१२ नावाचं ऑस्ट्रियन इंजिन बसतं, आणि ते इंजिन एकटंच तुमचे अकरा लाख गिळून आणखी मागेल. मग प्रोपेलर, वेग-उंची दाखवणारी घड्याळं, रेडिओ, जहाजभाडं, कस्टम. म्हणजे ठेव मोडूनही विमान होत नाही, नुसती ठेव जाते. सुदैवानं या कंपन्या किट तुकड्यातुकड्यानं विकतात. आधी शेपटी, मग पंख, मग धड, इंजिन सगळ्यात शेवटी. शेपटीपुरते पैसे दाजींनी बेदाण्यातून साठवावेत आणि तेवढीच मागवावी. एकदम सगळे पैसे भरून मोकळे होऊ, स्वस्त पडेल, असं ते म्हणतील. त्यांना सांगा, की या धंद्यातली सगळ्यात मोठी समजली जाणारी व्हॅन्स ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली होती. त्यातून ती बाहेर आली, धंदा चालू आहे, पण आगाऊ पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाईकांना वाढीव दर मान्य करावे लागले. बागेचा माल व्यापाऱ्याला देताना दाजी जे शहाणपण वापरतात तेच इथं वापरायचं.

आता फुलवातीचं. या पत्रात तुम्ही दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हे ठेवा.

किटचा रुपयाही भरण्याआधी दाजींना एक काम सांगा. सांगलीतून पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणायचा, दोन तुकडे, हातभर लांब. एकावर एक ठेवून त्यांना एका ओळीत चाळीस भोकं पाडायची, ३.२ मिलिमीटरची, सारख्या अंतरानं. मग तुकडे सुटे करून प्रत्येक भोकाची दोन्हीकडची बर काढायची, पुसायचं, परत जुळवायचं आणि रिव्हेट मारायचे. पॉप रिव्हेट, म्हणजे गननं एका बाजूनं बसवायचे, चालतील, दाजी बघताहेत त्या साध्या किटांत बहुतेक तेच असतात. सगळं मिळून हजारभर रुपयांचं काम.

बर म्हणजे भोक पाडल्यावर त्याच्या काठाला राहते ती धारदार किनार. डोळ्याला दिसत नाही, नखाला कधी लागते, कधी लागत नाही. पण तिथूनच पत्र्याला भेग सुटते. विमानाचा पंख एकदम मोडत नाही. तो हजारो वेळा थोडा थोडा वाकतो आणि प्रत्येक वेळी ती भेग केसाएवढी पुढं सरकते. ब्रिटिशांची कॉमेट नावाची जेट विमानं १९५४ मध्ये तीन महिन्यांत दोन वेळा आकाशातच फुटली. समुद्रातून त्यांचे तुकडे काढून आणि त्याच जातीचं एक विमान पाण्याच्या टाकीत घालून पुन्हा पुन्हा दाब देऊन बघितल्यावर कळलं, की खिडक्यांच्या कोपऱ्यांशी असलेल्या भोकांपासून भेगा निघाल्या होत्या.

रिव्हेट मारण्याआधी दाजी तुम्हाला ते तुकडे आणून दाखवतील. तेव्हा देव्हाऱ्यातली कोरडी फुलवात घ्या आणि भोकांवरून हलकेच फिरवा, दोन्ही बाजूंनी. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी तिथं बर आहे. तेवढंच बोट दाखवायचं, बोलायचं नाही. रिव्हेट मारल्यावर वहीचा कागद घ्या आणि रिव्हेटच्या डोक्याखाली सरकतो का बघा. सरकला तर रिव्हेट बसलेलं नाही. मग फूटपट्टी. भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट तरी आत हवा, म्हणजे ६.४ मिलिमीटर. त्याहून काठाजवळ गेलं असेल तर तो तुकडा बाद. घासून, रंगवून, ‘इथं कुठं जोर येतोय’ म्हणून चालत नाही.

आणि आता दाजींच्या तोंडाकडं बघा.

मी नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल. पंखाच्या एका झाकणाला ठिगळ मारायचं काम मिळालं होतं. शेवटून तिसऱ्या भोकाला ड्रिल सरकलं, भोक काठाशी गेलं. मोजलं, पाच मिलिमीटर भरलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. रिव्हेट मारलं, वरून रंग दिला, फार सुरेख दिसत होतं. रात्रपाळी संपवून खोलीवर आलो, झोप लागेना. दुपारी परत हँगरला गेलो आणि फोरमनला दाखवलं. ते काही बोलले नाहीत. नवा पत्रा हातात दिला आणि चहाला निघून गेले. आधीचं ठिगळ काढायला मला तीन तास लागले, नवं करायला दोन. त्या पाच तासांत मी जेवढं शिकलो तेवढं परीक्षेच्या पुस्तकांत नव्हतं. आजही शेजारणीच्या मिक्सरचा स्क्रू तिरका बसला तर मला ते ठिगळ आठवतं.

तेव्हा तुम्ही बोट दाखवल्यावर दाजी तुकडा बाजूला टाकून दुसरा पत्रा कापायला घेतात, का ‘तुला काय कळतंय यातलं’ म्हणतात, ते बघायचं. पहिलं झालं तर हा माणूस विमान बांधू शकतो. दुसरं झालं तर महिनाभर थांबून परत तेच काम सांगा. मला वाटतं ते टाकतील. द्राक्षवाला आहे. ऑक्टोबर छाटणीला स्वतःच्या हातानं वाढवलेल्या काड्या कापतो, मणी धरल्यावर घडातले निम्मे मणी विरळणीत काढून टाकतो, तेही गेल्या दोन वर्षांसारख्या वर्षांत. ज्याला हे जमतं त्याला पत्र्याचा तुकडा टाकायला जड जाऊ नये.

टूलरूमच्या दोन सवयी मात्र त्यांना मोडायला लागतील. एक, स्क्रायबरनं, म्हणजे टोकदार सुईनं, रेघ मारून मार्किंग करणं. पोलादावर ठीक आहे, पातळ ॲल्युमिनियमवर ती रेघ म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण. दुसरी, कानावरची शिसपेन्सिल. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातं. मार्करपेन वापरायचं, बारीक टोकाचं. आणि बोल्ट ‘हाताला बसला’ म्हणणं बंद. विमानातला सगळ्यात बारीक नेहमीचा बोल्ट अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकणही त्याहून जास्त जोरानं लावलं जातं. टूलरूमच्या मनगटाला तो लगेच पिरगळेल. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, घ्यायला लावा, लहान मापाचा.

आता शेड. दाजींना वाटत असेल, एवढी लांबरुंद जागा आयतीच आहे. ताई, बेदाण्याची शेड ही ॲल्युमिनियमसाठी शत्रूची छावणी आहे. बेदाण्याला रंग यावा म्हणून आपण गंधकाची धुरी देतो. तो धूर हवेतला ओलावा पकडतो आणि त्याचं आम्ल होतं. द्राक्ष बुडवायच्या डिपिंगमधलं पोटॅशियम कार्बोनेट उलट्या जातीचं, अल्कलीचं, ॲल्युमिनियमला तेही चालत नाही. जाळ्यांवरून, कोब्यावरून ते वर्षानुवर्षं सांडलेलं असणार. शिवाय शेड दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणजे जुलैची दमट हवा, मार्चची धूळ आणि बेदाण्याच्या वासाला आलेले उंदीर. उंदराचं मूत पत्र्याला भोक पाडतं, हे मी स्वतः उघडलेल्या पंखांत पाहिलंय. कुंभारीण माशीचं तर विचारू नका. वाऱ्याचा वेग मोजणारी नळी आणि पेट्रोलच्या टाकीची श्वास घ्यायची नळी, या दोन्ही तिला घर बांधायला नेमक्या मापाच्या वाटतात.

म्हणून शेडच्या कडेला वेगळी खोली लागेल. पक्क्या भिंती, जाळीची खिडकी, कोबा धुतलेला, दाराला पट्टी. शेपटीला दहा बाय पंधराची पुरते. पुढं धडाला आणि पंखांना मोठी लागेल. दोन माणसांचं असं विमान साधारण सहा मीटर लांब असतं आणि पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-नऊ मीटर. पंख सुटे करता येतात, तरी दाराचं माप आधी घ्यायचं. आत बांधून झालेलं विमान दारातून बाहेर निघत नाही, ही आमच्यातली जुनी थट्टा आहे, आणि ती थट्टा खरी झालेल्या माणसांनीच ती सांगितलेली आहे.

वेळेचा हिशेब तुम्हीच मांडा, दाजी मांडणार नाहीत. सोप्यातलं सोपं किट सातशे ते नऊशे तास घेतं, असं बनवणारे सांगतात. हे सवय असलेल्या हातांचे तास. एप्रिल छाटणी उरकल्यावर मे ते सप्टेंबर संध्याकाळचे दोन तास मिळाले तर वर्षाला अडीचशे. ऑक्टोबर छाटणीपासून बेदाणा उतरेपर्यंत रविवारचा एखादा तुकडा, म्हणजे आणखी साठ-सत्तर. तीन वर्षं धरा, चार झाली तर आश्चर्य मानू नका. लेक तोवर बारावी ओलांडून गेलेली असेल. मधे कुठं शेपटीवरच काम थांबलं तरी चालेल. पुष्कळांचं थांबतं, आणि ती शेपटी विकतही जाते. ‘अर्धवट सोडलं’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

उडायच्या प्रश्नाची उत्तरं दुसरीकडून येतील म्हणालो होतो. पहिलं उत्तर डॉक्टरकडून. विमान चालवायला परवाना लागतो, खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण आणि त्याआधी डीजीसीएच्या (विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) यादीतल्या डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. दाजींना बीपी आहे. त्यावर गोळी चालू आहे म्हणून लगेच नापास होतात असं नाही, पण गोळी कुठली, बीपी आटोक्यात आहे का, हे सगळं बघतात. ही तपासणी किटच्या आधी करून घ्यायला लावा. खर्च थोडा आणि निकाल लेखी. पास झाले तर एक दिवस बारामतीला जाऊन फ्लाइंग स्कूल डोळ्यांनी बघून यावं. लहान विमानात तासभर बसल्यावर पुष्कळांची हौस वाढते, काहींची तिथंच उलटीबरोबर बाहेर पडते.

दुसरं उत्तर सरकारकडून. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. घरी बांधा की कारखान्यात, विमानाला डीजीसीएची नोंदणी, शेपटीवर ‘व्हीटी’नं सुरू होणारी अक्षरं आणि उडायची परवानगी लागतेच. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः वैमानिक. त्यांचं विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात देशानं पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उडायची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्या माणसाच्या चिकाटीला माझा दंडवत, पण दाजींनी यातून तारखा बघाव्यात. म्हणून शेपटीच्याही आधी डीजीसीएला पत्र: अमुक कंपनीचं, अमुक वजनाचं किट, हौशी बांधणी, कुठल्या प्रवर्गात नोंद होईल, बांधताना कोण आणि केव्हा तपासणार. लेखी उत्तर आल्यावरच मागणी नोंदवायची. उत्तर यायला वेळ लागला तर तेवढे पत्र्याचे तुकडे जास्त होतील, हात बसेल. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर ‘नुसतं जरा पळवून बघू’ असं कुणी सुचवलं तर त्या माणसाला चहा न देता परत पाठवा. पुढं खरंच वेळ आली तर पंख सोडून ट्रॉलीवर घालून कराडला वारुंजीच्या धावपट्टीकडं, परवानगी हातात घेऊन.

मधे एक गोष्ट राहिली, पेट्रोलची. रोटॅक्स इंजिन साध्या पंपावरच्या पेट्रोलवर चालतं हे दाजींनी वाचलं असेल आणि त्यावर खूशही झाले असतील. पण इंजिन बनवणाऱ्यांनी मुभा दिलीय ती १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलला, आणि आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, काही जातीच्या रबरी नळ्या फुगवतं. ऊस आपलाच, मळी आपलीच, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, आणि आपल्याच विमानाला चालत नाही. कपाळाला हात लावायची जागा आहे, पण इंजिन घ्यायच्या वेळी हा प्रश्न दाजींच्या वहीत पहिल्या पानावर हवा.

लेकीच्या पहिल्या फेरीचं मात्र आजच मिटवा. अमेरिकेत नव्या बांधलेल्या विमानाचे पहिले २५ ते ४० तास सहसा चाचणीचे असतात आणि त्यात प्रवासी बसवायचा नाही, असा नियम आहे. नियम उगीच नाही. तिथल्या अपघात तपासणाऱ्या मंडळानं २०१२ मध्ये अभ्यास केला. त्यानुसार आदल्या वर्षी घरी बांधलेली विमानं एकूण खासगी व हौशी विमानांच्या सुमारे दहा टक्के होती, आणि प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा होता २१ टक्के. पहिलं उड्डाण दाजींनीही करायचं नाही. त्यासाठी त्या जातीच्या विमानावर हात बसलेला वैमानिक आणायचा. बापानं लेकीला शब्द दिलाय, तो मोडायला लावू नका, बदलायला लावा. पहिली फेरी तिची नसेल, पहिलं रिव्हेट तिचं असेल. नववीतल्या पोरीला पॉप रिव्हेटची गन सहज दाबता येते. आणि बांधणीची वही तिच्याकडं द्या. रोज काय केलं, किती तास, किती तुकडे बाद, फोटोसकट. डीजीसीएचा माणूस आला तर तो पहिल्यांदा ती वहीच मागेल.

आता तुम्ही जे पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंत. परत गप्प होतील याची भीती. ताई, मला विमानापेक्षा ते दोन वर्षांचं गप्प बसणं जास्त काळजीचं वाटलं. शेडमध्ये हात चालू झाले की बोलणं परत येतं, हे खरं आहे. मी पाहिलंय. पण पुढचाही हंगाम पावसानं घेतला तर विमान एकटं पुरं पडणार नाही. झोप लागते का, जेवण कसं आहे, ‘आता काय उरलंय’ असं काही तोंडातून येतं का, यावर लक्ष ठेवा. तसं असेल तर मिरजेला किंवा सांगलीला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन जा, बीपीच्या डॉक्टरकडं नेता तसंच. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

होकार देताना सगळ्या अटी एका दमात सांगू नका. आज फक्त ठेव नाही आणि पत्र्याचा तुकडा, एवढंच. बाकीचं महिन्या-महिन्यानं. माहितीपत्रकं देव्हाऱ्यातून काढून टीव्हीशेजारी ठेवा, म्हणजे त्यांना कळेल.

तुकडे झाले की मला पोस्टानं पाठवा, सदराच्या पत्त्यावर. चांगला झालेला नको, तो दाजींना भिंतीला लावू दे. बाद केलेला पाठवा. त्याच्यावर फुलवात कुठं अडकली तिथं मार्करनं खूण करा, पेन्सिलीनं नको.

– काका